तुरटीचे पाणी

रंगरेजावर कव्वाल्या पुष्कळ आहेत. उरुसात बसलेला माणूस 'रंग' हा शब्द कानावर पडताच डोलू लागतो. कुरआन शरीफमध्ये सूरे बकरात अल्लाहच्या रंगासाठी जो 'सिब्गा' शब्द आला आहे, तोसुद्धा रंगाऱ्याच्याच कामातला, बुडवून रंगवण्याचा. पण रंगात बुडवण्याआधी जे करावे लागते, त्या तुरटीच्या पाण्यावर मी अजून एकही कव्वाली ऐकलेली नाही.

माझे आजोळ पाचोडचे. औरंगाबाद-बीड रस्त्यावरचे, पैठण तालुक्यातले हे बाजाराचे गाव. नाना रंगारी होते. दुकान नानांचे, गल्ल्यावर नाना, आणि गाव 'रंगारी' म्हणून हाक मारायचे तेही नानांनाच. सुताचे काम वर्षभर चाले. पावसाळा सरला की धनगरांची मेंढरे शेतांत बसायला येत आणि त्यांच्याबरोबर लोकर येई. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक काळी. घोंगडी तिच्या अंगच्या रंगातच विणतात. निवडून काढलेली पांढरी लोकर तेवढी किनारीसाठी रंगवायची. ती दुकानात यायची नाही. थेट मागच्या अंगणात, नानीकडे यायची.

"भाबी, औंदा लई मळकी हाय बगा," धनगरीण म्हणायची.

"आन दे आक्का, देखते," नानी म्हणायची आणि रिठे भिजत घालायची.

मेंढीच्या अंगचे तेल लोकरीत मुरलेले असते. ते निघाल्याशिवाय लोकर ना पाणी पिते ना रंग. कोमट रिठ्याच्या पाण्यात ती बुडवून ठेवायची, हलक्या हाताने दाबायची. कापडासारखी चोळली, किंवा गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्यात टाकली, तर तिचा नमदा होतो आणि मग धागा निघत नाही. तीन-चार पाणी झाल्यावर तुरटी. वाळलेल्या किलोभर लोकरीला साधारण १०० ते १५० ग्रॅम तुरटी पुरते. नानी ओंजळीने घ्यायची आणि पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून खात्री करायची. त्यात थोडा चिंचेचा कोळ. लोखंडी कढई चालायची नाही, तिच्यात पिवळा रंग काळवंडतो. आच अशी मंद की पाणी तापायलाच तास जावा. उकळी येऊ द्यायची नाही. आणखी तासभर ठेवून भांड्यातच निवू द्यायचे. "ऊन कू पहले फिटकरी खिलाना, बाद में रंग पिलाना," ती म्हणायची.

पुढे मी विज्ञान शिकवू लागले तेव्हा या द्रव्याचे इंग्रजी नाव कळले, मॉर्डंट. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चावणारा. मराठी पुस्तकात 'रंगबंधक' आहे. तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम एका हाताने लोकरीतल्या प्रथिनाला धरते, दुसऱ्या हाताने रंगाच्या रेणूला. विलायती कृतींत तुरटीबरोबर 'क्रीम ऑफ टार्टर' घालायला सांगतात. ते दारूच्या पिंपात साचणारे क्षार. नानीच्या चिंचेत त्याच जातीचे आम्ल आहे.

१८५६ साली विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग केला. १८६८ मध्ये मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला. पुढे खेड्यापाड्यांत रंगाच्या पुड्या पोहोचल्या. लोकरीच्या पुडीला तुरटी लागत नाही, नुसत्या आंबट पाण्यावर भागते. कारागिरांचे काम बुडाले असे आपण म्हणतो, पण आमच्या घरात आधी नानीचे काम बुडाले. नानांचे दुकान पुड्यांवर आणखी बरीच वर्षे चालले. त्यांच्या नावापुढे कागदावर शेवटपर्यंत 'रंगारी' होते. नानीच्या नावापुढे पहिल्यापासून 'घरकाम'.

मागच्या वर्षी आठवीच्या मुलींना मी पांढऱ्या लोकरीच्या दोन लडी दिल्या. एक तुरटी दिलेली, दुसरी नुसती धुतलेली. झेंडूच्या पाण्यातून निघाल्या तेव्हा दोन्ही पिवळ्या दिसत होत्या. "आपा, दोनों एक जैसे," मुली म्हणाल्या. आठ दिवस ऊन दाखवले, दोनदा धुतल्या. नुसती धुतलेली लड फिकट, कळकट होऊन बसली. दुसरी तशीच पिवळीजर्द राहिली.

मग मी नानीची हकीकत सांगितली. प्रवेशाच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे काय लिहिले आहे ते विचारले. बहुतेकींचे उत्तर एकच, घरकाम. "आणि अम्मी दिवसभर काय करते, ते लिहून आणा," म्हटले. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. उर्दूत लिहिलेल्या, खाडाखोड केलेल्या. कापूस वेचणे. बाजारात मोसंबी निवडणे. शिंप्याची तुरपाई आणि काजबटण. लोकांच्या गोधड्या शिवणे. रमजानसाठी शेवया करून विकणे.

एकीने खाली लिहिले होते, 'आपा, शिलाईचे पैसे शिंप्याकडून अब्बाच आणतात.' तिच्या बाजूला शेरा काय लिहावा, ते मला पटकन सुचले नाही. मी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि वर्गात ती वाचून दाखवायला तिलाच उभे केले.