सेक्टर १७ मधली कॉफी

चंडीमंदिरला पोस्टिंग होतं. रविवारी आउटपास मिळाला की मी चंडीगडच्या सेक्टर १७ मधलं इंडियन कॉफी हाऊस गाठायचो. बाहेर ल कार्बुझिएने आखलेला चौक, उघडं काँक्रीट, खांबांच्या रांगा. जणू उद्याचं शहर. आत पांढऱ्या गणवेशातला, तुरेवाल्या फेट्याचा वेटर.

पेन्शनला सहा महिने उरले होते. पुढे काय? एकदा त्या वेटरनेच सांगितलं, "कॉफी बोर्डाने कॉफी हाऊस बंद करून कामगारांना घरी पाठवलं, साहेब. त्यांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली बंगळूरुला, १९५७ साली."

माझी कॉफी गार झाली होती. दुसरी मागवली आणि बिलाच्या पाठीवर गावाकडच्या दूध डेअरीचा हिशेब मांडायला घेतला.