झिजलेली शिवराई

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर चांदीच्या रुपयांशेजारी कितीतरी मराठी घरांत तांब्याचा एक जाडसर, वेडावाकडा तुकडा मांडलेला असतो. कडा कुठे फुगलेली, कुठे दबलेली. तिरप्या उजेडात धरला की एका अंगाला ‘शिव’ उमटतं, दुसऱ्या अंगाला ‘पति’ची वेलांटी. ही शिवराई. घरातलं कुणीतरी ती तळहातावर तोलत म्हणतं, “साडेतीनशे वर्षांची असणार, केवढी दुर्मीळ!” ते ऐकलं की मला त्या वाक्यातलं वय आणि दुर्मीळपण, दोन्ही वेगवेगळं तपासावंसं वाटतं.

1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ही नाणी पडू लागली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण महाराजांच्या पश्चात टाकसाळींनी हा मजकूर सोडला नाही. पेशवाईतही तांब्यावर तेच नाव उमटत राहिलं आणि 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावरही ती नाणी बाजारात फिरत होती. लोकांचा त्या नावावर विश्वास होता, इतका की राज्य बदललं तरी खिशातलं नाणं बदललं नाही. म्हणून नुसत्या नावावरून काळ सांगता येत नाही. मजकुराच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकाळातली. घराघरांत आणि जुन्या बाजारात सापडणाऱ्या शिवराया पुष्कळदा याच असतात. त्याच मजकुराचा सोन्याचा होन मात्र खरोखरच दुर्मीळ; त्याचे मोजकेच नमुने आज उरले आहेत.

आणि झीज? झिजलेलं म्हणजे जुनं आणि जुनं म्हणजे दुर्मीळ, ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. नाणं वर्षांनी झिजत नाही, हातांनी झिजतं. जमिनीत पुरलेलं दोन हजार वर्षांचं नाणं कोरं राहू शकतं आणि भाजीबाजारात फिरलेलं नाणं एका पिढीत गुळगुळीत होतं. झिजलेली शिवराई एवढंच सांगते, की मी खूप चालले. मीठ-मिरचीच्या, तेलाच्या, देवापुढच्या दक्षिणेच्या किती व्यवहारांतून गेले. मला त्या गुळगुळीतपणाचं मोल वाटतं, पण ते दुर्मीळपणाचं मोल नव्हे.

शिवाय दिसत नाही ते सगळं झिजलेलंच असतं असंही नाही. ही नाणी हातोड्यानं ठोकलेली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. कारागिराचा घाव जरा सरकला की ‘श्री’ चकतीबाहेर. ते अक्षर झिजलं नाही, ते त्या नाण्यावर कधी आलंच नव्हतं. फरक कडेपाशी कळतो: तिथं अक्षर मधूनच तुटतं आणि उरलेली रेघ उठावदार असते. झीज मात्र आधी उंचवटे खाते. अक्षराच्या कुशीत काळपट मळ टिकून राहतो आणि तोच अक्षराचा आकार दाखवतो. ओतलेल्या खोट्या नाण्याची गोष्ट निराळी. तिथं सगळीच अक्षरं सारखीच बोथट, पृष्ठभागावर बारीक खड्डे, कडेला साच्याची शिवण. पूर्वी गावोगावचे पोतदार नाणी पारखायचे, पण त्यांना खरं की खोटं आणि धातू किती, एवढंच ठरवायचं असे. दुर्मीळ आहे का, हा आपल्या काळाचा प्रश्न.

त्या प्रश्नाला नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीनं फार मोठं उत्तर दिलं आहे. 1906 मध्ये तिथं क्षत्रप नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपले ठसे पुन्हा मारले होते: नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्य, पाठीवर उज्जैन चिन्ह. अशा नाण्यावर ना राजा धड दिसतो ना चिन्ह. अनोळखी डोळ्याला ते खराब झालेलं नाणं वाटेल. पण एका राज्यानं दुसऱ्याला कसं जिंकलं, याचा पुरावा त्या विद्रूप चेहऱ्यातच आहे. संख्येनं हजारो असलेली ती नाणी मला एखाद्या एकुलत्या एक मोहरेपेक्षा मोलाची वाटतात.

उलट उदाहरणही आहे. सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया. 1940 चा हवा तेवढा मिळतो. मुंबई टाकसाळीचा 1939 चा रुपया मात्र शोधूनही सापडत नाही. म्हणजे सारा निर्णय शेवटच्या एका आकड्यावर. तो पुसट झाला असेल तर रुपयाला दुर्मीळ म्हणायचा अधिकार कुणालाच उरत नाही, आणि 8 कोरून 9 करणारे हातही बाजारात आहेत, म्हणून तो आकडा भिंगाखाली पाहिलाच पाहिजे.

तेव्हा घरात शिवराई असेल तर एवढं करा. तिला चिंच-मीठ लावू नका, राखेनं घासू नका. तो हिरवट-काळा थर गेला की अक्षराच्या खुणाही जातात. सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात काढा. ती कुणाकडून, कुठल्या गावाहून आली हे आजीला आजच विचारून चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी नाण्यासोबत ठेवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथं जुनी नाणी पाहता येतात. आणि नांगराच्या फाळाला नाण्यांचं मडकं लागलं, तर ते वाटून घेऊ नका: 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.