स्वतंत्र वाहिनीची मागणी मी का सोडली

चिअरलीडिंगच्या स्पर्धांना स्वतःची वाहिनी हवी, असं आमच्या डॅलसच्या पालकांमध्ये सगळ्यांत ठासून सांगणाऱ्यांत मी होते. त्यासाठी पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात भेटलेल्या ओळखीच्या माणसांनाही पटवत बसले. आता मी ती बाजू घेत नाही. वाहिनी आली, घरातल्या टीव्हीवर इंटरनेटवरून दिसू लागली, आणि ती बघता बघता माझं मत बदललं. जुन्या बाजूला असलेल्यांचे मुद्दे मला पाठ आहेत. त्यातले बरेचसे आजही मला खरे वाटतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मराठी माणसाला चिअरलीडर म्हटलं की २००८ची आयपीएल आठवते. चौकार गेला की सीमारेषेबाहेरच्या मंचावर नाचणाऱ्या मुली, आणि त्यांच्या कपड्यांवरून वर्तमानपत्रांत उठलेलं वादळ. मी बोलतेय तो प्रकार वेगळा. मिनेसोटा विद्यापीठात १८९८मध्ये एका तरुण विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभं राहून घोषणा द्यायला सुरुवात केली, तिथून ही परंपरा निघाली. मुली त्यात १९२०च्या दशकात आल्या. आमच्या टेक्सासचा त्यात मोठा वाटा आहे. डॅलसच्या लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८मध्ये हंट्सव्हिलला पहिलं शिबिर भरवलं, त्याला ५२ मुली आणि एक मुलगा आला होता. पुढे यातून स्वतंत्र क्लब निघाले. त्यांना प्रोत्साहन द्यायला कुठला फुटबॉल संघच नसतो. ते फक्त एकमेकांशी स्पर्धा करतात. ५४ बाय ४२ फुटांची मॅट, अडीच मिनिटांचं रुटीन, त्यात कोलांट्या, स्टंट, हवेत फेकणं, पिरॅमिड आणि नाच. एकही गुण कापला गेला नाही की मुली एकमेकींच्या गळ्यात पडून ओरडतात, ‘हिट झिरो!’

माझी लेक बेस आहे, म्हणजे खाली उभी राहून उचलणारी. हे सांगायचं कारण पुढे येईल.

टीव्हीवर हा खेळ नव्हताच असं नाही. ईएसपीएनवर १९८०च्या दशकापासून शाळा-कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धा दाखवल्या जात. पण त्या कापून, जोडून, उशिराने. फेब्रुवारीत ऑर्लँडोला झालेली स्पर्धा नंतर केव्हातरी तासाभराच्या कार्यक्रमात बसवायची, त्यात जिंकलेले मोजके संघ, मधे मधे कुणाच्या तरी आयुष्याची गोष्ट, आणि जाहिराती. बाकीचे शेकडो संघ गाळलेले. सहा वर्षांच्या चिमुरड्यांचे संघ, गावाकडच्या छोट्या जिमचे संघ, विशेष गरजा असलेल्या मुलांचे संघ यांना तर टीव्ही माहीतच नव्हता. माझं म्हणणं साधं होतं: ज्यांना आपण नको आहोत त्यांच्या दारात उभं राहण्यापेक्षा आपलं घर बांधू.

घर बांधलं गेलं, आणि पहिल्यांदा मला खरोखर भरून आलं. शनिवारी सकाळी दहाला आमचा संघ मॅटवर उतरला की दादरला रात्रीचे साडेनऊ वाजलेले असत. आई जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसायची. हजारो मैलांवरची नात तिला त्याच क्षणी दिसायची. हे ज्याने मिळवून दिलं त्याचं ऋण मी विसरलेले नाही.

पण आई प्रश्न विचारायची. ती भायखळ्याच्या चाळीत वाढली. गोविंदाचे थर गॅलरीतून बघतच मोठी झाली. तिची नजर आधी खालच्या थराकडे जाते. “अगं, वरच्या पोरीच्या हसण्याकडे काय बघायचं? खालचीचं मनगट बघ ना. किती वजन घेतलंय तिने! त्याचे मार्क मिळतात का?” मिळतात. पण पडद्यावर ते कुठेच दिसत नव्हतं. समोर एकच उंचावरचा कॅमेरा, संपूर्ण मॅट दाखवणारा. रुटीन संपलं की आकडा यायचा. तो का आला, कुठे अर्धा गुण गेला, दुसऱ्या संघाने नेमकं काय अवघड केलं, याबद्दल चकार शब्द नाही. समालोचक असले तरी त्यांची भाषा आतल्या माणसांची. ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांनाच ते सांगत होते.

सुरुवातीला मी आईला फोनवर समजावून सांगायचे. फ्लायर, म्हणजे वरची मुलगी, वर जाते तेव्हा दोन बेस तिला पावलांपाशी खालून धरतात. मागची बॅक स्पॉट घोटा धरून असते आणि वरचीवरून नजर हलवत नाही. फ्लायर डगमगली तर तिने स्वतः सावरायला जायचं नसतं. तिने अंग काठीसारखं ताठ ठेवायचं आणि खालच्यांनी तिच्याखाली सरकायचं. प्रेक्षकाला वाटतं, वरच्या मुलीने तोल सांभाळला. सांभाळलेला असतो खालच्या तिघींनी. हे एकदा कळलं की खेळ वेगळाच दिसू लागतो. आईला कळलं, कारण तिची मुलगी तिला सांगत होती. ज्याची मुलगी या जगात नाही त्याला कोण सांगणार?

इथे मी पहिल्यांदा थबकले. जिम्नॅस्टिक्समध्ये बीमवर एका वेळी एकच मुलगी असते, त्यामुळे कॅमेऱ्याने काय दाखवायचं हे ठरलेलंच. आमच्याकडे वीस-पंचवीस जणी एकदम मॅटवर, चार-पाच ठिकाणी एकाच मोजणीत स्टंट वर जातात. एक कॅमेरा सगळं दाखवतो, म्हणजे काहीच दाखवत नाही. अनोळखी प्रेक्षकाला खेळ समजावा अशी गरज वाहिनीला असती, तर तिने मनगटाजवळ कॅमेरा नेला असता, मंदगतीत पाऊल दाखवलं असतं, गुणांचे भाग करून सांगितले असते. पण तिचे ग्राहक म्हणजे आम्ही, पालक आणि आज्या. आम्ही कसंही दाखवलं तरी बघणारच होतो.

मग जानेवारी २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर ‘चिअर’ ही मालिका आली. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर कोर्सिकाना नावाचं गाव आहे, तिथल्या नॅवारो कॉलेजचा संघ आणि प्रशिक्षक मोनिका अल्डामा. डेटोना बीचला होणाऱ्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सव्वादोन मिनिटं मिळवण्यासाठी वर्षभर चाललेली मेहनत त्यात आहे. चाळीस जणांतले वीसच मॅटवर उतरणार. सरावात मुली पडतात, बरगड्यांना लागतं, डोक्याला लागतं, पुन्हा चढतात. ही मालिका बघून माझ्या कार्यालयातली माणसं, ज्यांनी आजवर लेकीच्या खेळाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, जेवणाच्या सुट्टीत मला विचारू लागली: बेसचे खांदे टिकतात का? एवढ्या उंचीवरून पडताना झेलणारे कुठे उभे असतात? अठराव्या वर्षानंतर या मुलींचं पुढे काय? इतक्या वर्षांत आमच्या स्वतंत्र वाहिनीने जे केलं नाही ते एका परक्या माणसाच्या कॅमेऱ्याने काही आठवड्यांत केलं.

त्याच मालिकेचा शेवट माझ्या मनात रुतून बसला. डेटोनाच्या अंतिम फेरीत चित्रीकरण करणाऱ्यांना आपला कॅमेरा नेता आला नाही. प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेच्या आयोजकांकडे, म्हणजे व्हार्सिटीकडे, आणि त्यांच्या स्वतःच्या वाहिनीसाठी राखलेले. वर्षभर संघासोबत राहिलेल्या लोकांना शेवटची सव्वादोन मिनिटं गर्दीतल्या प्रेक्षकांनी मोबाइलवर घेतलेल्या चित्रांतून जोडावी लागली. सगळ्यांत जास्त लोक ज्या क्षणी हा खेळ बघत होते, नेमका त्याच क्षणी खेळाने दार लावून घेतलं होतं. मी मागितलेलं घर ते हेच, हे मला तेव्हा उमगलं.

व्हार्सिटीबद्दल थोडं सांगायला हवं. १९७४मध्ये जेफ वेब यांनी सुरू केलेला हा उद्योग शिबिरं भरवतो, गणवेश विकतो, स्पर्धा घेतो, आणि स्पर्धा दाखवणारी वाहिनीही चालवतो. या खेळाला आज जो आकार आहे तो मोठ्या प्रमाणात त्याच्यामुळे, हे मान्य करायलाच हवं. पण मक्तेदारीच्या आरोपावरून क्लब आणि पालक न्यायालयात गेले, आणि एक दावा ४ कोटी ३५ लाख डॉलर, दुसरा ८ कोटी २५ लाख डॉलर देऊन मिटला. गैरकृत्याची कबुली त्यात नाही. मला आकड्यांपेक्षा रचना महत्त्वाची वाटते. जो स्पर्धा घेतो तोच ती दाखवणार असेल, तर ‘या स्पर्धेचं शुल्क इतकं का?’, ‘हा निकाल असा का?’, ‘ही मुलगी का पडली?’ हे प्रश्न पडद्यावर विचारणार कोण? माणसं चांगली असली तरी ते विचारले जात नाहीत.

पडण्याचं मी उगाच म्हटलं नाही. एका स्पर्धेत आमच्या नंतरच्या संघातली एक मुलगी पिरॅमिडवरून खाली आली. कॅमेरा तिच्यावरून लगेच हटला, ते योग्यच होतं. पडलेल्या लेकराचं चित्र जगाला दाखवू नये. पडद्यावर स्पर्धेचं बोधचिन्ह आलं, संगीत वाजत राहिलं, थोड्या वेळाने पुढचा संघ उतरला. त्या मुलीबद्दल शेवटपर्यंत कुणी काही बोललं नाही. आईचा दादरहून फोन आला. “ती पोरगी उठली का गं?” मी सभागृहातच होते म्हणून सांगू शकले, की ती चालत बाहेर गेली, कोपराला लागलंय. आईला झोप लागली. बाकीच्या प्रेक्षकांना ती मुलगी कुठे गेली हे आजही माहीत नसेल.

हा खेळ धोक्याचा आहे, हे माहीत असूनही बोललं जात नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातलं केंद्र १९८२पासून शालेय खेळांतल्या अतिगंभीर दुखापतींची नोंद ठेवतं, आणि त्यात शाळकरी मुलींच्या अशा दुखापतींपैकी निम्म्याहून जास्त वर्षानुवर्षं चिअरलीडिंगच्या निघाल्या. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२मध्ये मागणी केली, की याला रीतसर खेळ माना, म्हणजे प्रशिक्षित कोच, सरावाच्या वेळेवर मर्यादा आणि मैदानावर वैद्यकीय मदत मिळेल.

आईच्या दहीहंडीकडे मी इथे पुन्हा येते. थर भर रस्त्यात लागतात, वृत्तवाहिन्या दिवसभर दाखवतात, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किती गोविंदा जखमी झाले याचा आकडा छापून येतो. ज्यांचा दहीहंडीशी काडीचा संबंध नाही अशी माणसं तो आकडा वाचून अस्वस्थ होतात. त्यातूनच याचिका झाल्या. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली, २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवायला नकार दिला, २०१७मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न सरकारवर सोडला, पण १४ वर्षांखालच्या मुलांना थरात चढवणार नाही ही हमी नोंदवून घेतली. कोणता निर्णय बरोबर, यावर आमच्याच घरात दोन मतं आहेत. पण वाद उघड्यावर झाला. पैसे भरून उघडणाऱ्या वाहिनीवर फक्त गोविंदांचे नातेवाईक थर बघत असते, तर तो झालाच नसता.

खुल्या, म्हणजे पैसे न भरता दिसणाऱ्या, वाहिनीचा आणखी एक फायदा मला उशिरा दिसला. २०१०मध्ये कनेक्टिकटच्या न्यायालयाने क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात सांगितलं, की विद्यापीठ मुलींचा व्हॉलीबॉल बंद करून त्याऐवजी स्पर्धात्मक चिअरलीडिंग हा मुलींचा खेळ म्हणून मोजू शकत नाही, कारण या खेळाचे नियम, हंगाम आणि स्पर्धांची पद्धत अजून बसलेली नाही. २०१२मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम केलं. तेव्हा आम्ही पालक चिडलो होतो. आज ते निरीक्षण मला बरोबर वाटतं. जिथे दर आयोजकाची गुणपत्रिका वेगळी, तिथे अनोळखी प्रेक्षक पहिल्याच दिवशी विचारेल: गेल्या आठवड्यात याच रुटीनला वेगळे गुण का? हा प्रश्न लाखो लोकांनी विचारला तर नियम एक करावेच लागतात. २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. त्या वाटेवर पुढे जायचं तर हे टाळता येणार नाही.

जुन्या बाजूचे लोक म्हणतील, खुल्या क्रीडावाहिनीवर पुन्हा मोजकेच संघ दिसतील, लहान मुलांना कोण विचारणार? बरोबर आहे. प्राथमिक फेऱ्या, चिमुरड्यांचे गट, विशेष मुलांचे संघ इंटरनेटवर राहू देत, आणि जमल्यास फुकट; माझ्या आईसारख्या कितीतरी आज्या त्यावर जगतात. पण तो घरच्यांसाठीचा व्हिडिओ झाला. खेळाची वाहिनी त्यालाच म्हणायचं आणि तेवढ्यावर समाधान मानायचं, हे मला आता मान्य नाही. अंतिम फेरीचे दोन तास कुणालाही, पैसे न भरता, दिसायला हवेत, आणि ते आयोजकाशी नातं नसलेल्या लोकांनी चित्रित करायला हवेत.

येत्या हंगामाच्या पालकसभेत मी हे मांडणार आहे, आणि आधी ज्यांच्याकडून सह्या घेतल्या त्यांच्याकडेच पुन्हा जाणार आहे. मागण्या सांगून ठेवते: खालच्या मुलींसाठी जमिनीच्या पातळीवर वेगळा कॅमेरा; रुटीननंतर गुणांचे सगळे भाग पडद्यावर; समालोचकाशेजारी खेळातल्या दुखापती समजणारं एक माणूस; आणि कुणी पडलं, तर त्याच प्रक्षेपणात, घरच्यांची परवानगी घेऊन, ती कशी आहे हे सांगायचं. आमच्या लेकीच्या कोचला यातली पहिली मागणी सगळ्यांत जास्त आवडली आहे, शेवटच्या मागणीबद्दल ती साशंक आहे. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.