आधी ट्रेबल कमी करा

जुन्या मराठी सिनेमाविषयी माझ्या कानावर येणारी तक्रार ठरलेली असते. "चित्र एक वेळ चालवून घेऊ हो, पण आवाज सहन होत नाही. सगळे नुसते किंचाळतात." तक्रार करणारी माणसं रसिक असतात, बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आवडीने ऐकणारी असतात. सिनेमाचं ध्वनिमिश्रण हाच माझा पोटापाण्याचा धंदा असल्याने तक्रार मी दाखल करून घेतो, पण आरोपी बदलतो. शांता आपटे किंचाळत नव्हत्या. किंचाळतो तो आपला टीव्ही.

त्या काळी आवाज फिल्मच्याच कडेला, जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात, प्रकाशाने छापलेला असे. त्यात खरखर ही यायचीच. थिएटरातले कर्णे पडद्यामागे असत आणि तिथून प्रेक्षकांपर्यंत पोचेतो आवाजाची तीक्ष्ण धार बरीचशी बोथट होई. हॉलिवूडने तर १९३८ साली ही धार किती कमी व्हावी याचं प्रमाणच ठरवून टाकलं. म्हणजे तो आवाज तशाच यंत्रणेसाठी घडवलेला होता. आजचा साउंडबार मात्र खरखरीसकट सगळा ऐवज इमानेइतबारे दिवाणखान्यात ओततो. तेव्हा जुना सिनेमा लावताना आधी ट्रेबल कमी करा आणि 'सराउंड' बंद करा. मूळ आवाज एकाच वाटेने आलेला आहे, त्याला खोलीभर पळवू नका. आणि हो, चौकोनी चित्र ताणून टीव्हीभर पसरायचा मोहही टाळा, डोकी चपटी होतात.

एवढं करूनही आवाज जाचत असेल तर प्रतीचा इतिहास तपासावा. घरी जो सिनेमा दिसतो तो सिनेमाच्या प्रतीच्या प्रतीची प्रत असतो. प्रिंटवरून टेप, टेपवरून व्हीसीडी, तिथून इंटरनेट. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी धावतो, आपली दूरदर्शनची पद्धत २५ चौकटींची. त्यामुळे टेपवर उतरवताना सिनेमा बहुधा चार टक्के वेगाने पळवला जाई. शंभर मिनिटांचा सिनेमा शहाण्णव मिनिटांत आटोपे आणि गाणाऱ्याचा स्वर जवळजवळ अर्धस्वर वर चढे. पेटीवर बोट ठेवून जुनं गाणं बसवू पाहणाऱ्यांची यात चांगलीच फजिती होते.

एक गंमत घरी सहज पकडता येते. प्रिंट तुटली की प्रोजेक्टरवाला खराब चौकटी कापून टाकी आणि दोन टोकं जोडी. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग भिंगाच्या खाली असतो, त्यामुळे चौकट आधी भिंगासमोरून जाते आणि तोच तुकडा आवाजाच्या दिव्यापर्यंत पोचतो तो वीस चौकटी उशिरा. साहजिकच जोडापाशी चित्र आधी उडी मारतं आणि शब्द गिळला जातो तो पाऊण-एक सेकंदानंतर. नट बोलताना मध्येच अडखळला असं वाटलं तर दहा सेकंद मागे जाऊन बघा, त्याच्या किंचित आधी चित्र उडालेलं सापडेल. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं आणि झीज रिळाच्या तोंडाशी व शेवटाशी सर्वाधिक. ठरावीक अंतराने सिनेमा बिघडत असेल तर समजावं की हा पुष्कळ गावं फिरून आलेला आहे.

अशी फाटकी प्रत मी तरीही आनंदाने बघतो. बाबूराव पेंटरांचा १९२५चा मूक 'सावकारी पाश' आज फाटक्या प्रतीतही बघायला मिळत नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली, आणि तिथल्या पी. के. नायर यांनी डबे गोळा करायला सुरुवात करेपर्यंत कितीतरी फिल्म चांदीसाठी वितळवली गेली होती. या हिशेबात खरखर ही क्षुल्लक बाब आहे. उलट सॉफ्टवेअरने घासूनपुसून लखलखीत केलेल्या प्रतींचीच मला धास्ती वाटते. खरखर काढता काढता 'स' आणि 'श'ची कड जाते, वाक्याआधीचा श्वास जातो आणि माणूस माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. हे काम मी स्वतः करतो, म्हणून सांगतो, थोडी खरखर राहू द्यावी.

घरी बघण्याचा खरा फायदा कळतो तो 'कुंकू'सारख्या सिनेमात. १९३७चा, शांतारामबापूंचा, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला ठाम नकार देते. त्या काळात बापूंनी पार्श्वसंगीताला फाटा दिला. ऐकू येतं ते त्या घरातलंच, आणि गाण्यांनासुद्धा साथ दृश्यात जे हाताशी आहे त्याचीच. भिंतीवरच्या घड्याळाला तर जवळजवळ एका पात्राचा मान आहे. व्हायोलिनं रडायला लागली की आपल्याला रडायची आयती सूचना मिळते. इथे तशी सूचना नाही, नीरा आणि काकासाहेब यांच्यातला अबोला आपल्यालाच सोसावा लागतो. त्यासाठी पंखा बंद हवा आणि भाजी निवडायचं काम दुसऱ्या खोलीत.

दुसरा फायदा तुलनेचा. 'कुंकू' काढणारी 'प्रभात' कंपनी हिंदी आवृत्ती डब करत नसे, वेगळी चित्रित करी. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' या दोन्हींत शांता आपटे आणि केशवराव दातेच आहेत. 'शेजारी'त (१९४१) मात्र गजानन जागीरदारांसमोर केशवराव, तर 'पडोसी'त मझहर खान. एकच प्रसंग पाठोपाठ दोन्ही भाषांत लावून बघा. त्याच माणसाचा आवाज भाषा बदलली की कुठे टेकतो, कुठे चढतो, हे ऐकण्यासारखं आहे. ही चैन थिएटरच्या प्रेक्षकाला कधी परवडली नाही.

विनोदी सिनेमे मात्र एकट्याने बघू नयेत. अत्र्यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' (१९३८) किंवा राजा परांजप्यांचा 'पेडगावचे शहाणे' (१९५२) एकट्याला संथ वाटू शकतो. वाक्यानंतरची मोकळी जागा हशासाठी राखलेली असते, हसणारं कुणी नसेल तर ती ओस पडते. दिवाळीत घर भरलेलं असतं, तेव्हा फराळाचं ताट मध्ये ठेवून असला सिनेमा लावावा. चार माणसं हसली की ऐंशी वर्षांपूर्वीची मोजमापं बरोबर होती हे आपोआप पटतं. 'कुंकू' पाहुणे गेल्यावर बघा.