अनामत

आमच्या हैदराबादच्या घरी माळ्यावर एक सागवानी पेटी असे. दरवर्षी दिवाळीपूर्वी ती खाली उतरे, आतील ग्रंथांवरची धूळ झटकली जाई, डांबराच्या गोळ्या बदलल्या जात आणि ती पुन्हा वर जाई. काचीगुड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका अरबीच्या शिक्षकांनी १९५० साली शहर सोडताना ती आमच्या नानांच्या स्वाधीन केली होती. "ही अनामत आहे," एवढेच नाना सांगत. शिक्षक परत आले नाहीत. कालांतराने नानाही गेले.

आम्ही उभयतां सेवानिवृत्त झालो आणि पेटी उघडून बसलो. ग्रंथांची नावेदेखील आम्हांला वाचता येईनात! ज्या शहरात १८८८ पासून दाइरतुल मआरिफ ही संस्था जुने अरबी ग्रंथ शोधून छापीत आली, ज्याच्या बारकस वस्तीत हद्रमौतहून आलेल्या अरब सैनिकांचे वंशज राहतात, त्या शहरात आमच्या पिढ्या गेल्या. ईदचा शीरखुर्मा आम्ही चवीने खाल्ला, फराळाची ताटे शेजारी धाडली. पण शेजाऱ्यांच्या धर्मग्रंथाच्या भाषेतील एक अक्षर आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही अरबी शिकण्याचे ठरविले.

"या वयात? आणि हीच भाषा?" आप्तांनी विचारले. बडोद्यात वाढलेल्या विनोबांनी अरबी शिकून मूळ कुराणाचा अभ्यास केला आणि १९६२ साली 'कुराणसार' सिद्ध केले, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांचे समाधान झाले की नाही, कोण जाणे!

एक वृद्ध मौलवीसाहेब आम्हांला शिकवू लागले. अठ्ठावीस अक्षरे, तीही शब्दातील स्थानाप्रमाणे रूप पालटणारी. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. उजवीकडून डावीकडे लिहिताना प्रथम हात अडखळे. पुढे धातूंची गंमत कळली. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंतून फुटतात. क-त-ब पासून किताब, कातिब आणि मकतब. एके दिवशी अ-म-न हा धातू आला. अमन म्हणजे शांतता, इमान म्हणजे श्रद्धा, अमीन म्हणजे विश्वासू. पैगंबर होण्यापूर्वीच मक्केचे लोक महंमदांना 'अल-अमीन' म्हणत व आपल्या चीजवस्तू त्यांच्यापाशी ठेवीत, अशी परंपरा आहे. त्याच धातूतला अमानत हा शब्द मराठीत 'अनामत' झाला. नाना जन्मभर अरबी बोलत होते, आणि ते त्यांना ठाऊक नव्हते!

दीड वर्षाने पेटीतील ग्रंथ आम्ही मौलवीसाहेबांपुढे ठेवले. पहिल्याच पानावर शाईने लिहिलेला एक शब्द आम्ही स्वतः लावला : वक्फ. खालच्या ओळी त्यांनी वाचल्या. हे ग्रंथ विद्यार्थ्यांच्या वाचनासाठी अर्पण केलेले होते. ते विकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, वारसाहक्काने घ्यायचे नाहीत. केवळ वाचू द्यायचे. प्रत्येक ग्रंथावर तोच मजकूर होता.

आम्ही सुन्न झालो. सत्तर वर्षांहून अधिक काळ आमच्या घराने ते ग्रंथ प्राणपणाने जपले होते आणि ज्यांच्यासाठी ते होते, त्यांच्यापासून दूर ठेवले होते. "मग नाना चुकले का?" आम्ही विचारले. मौलवीसाहेब म्हणाले, "कर्माचे मोल हेतूवरून ठरते, हीच आमच्या धर्माची शिकवण. तुमच्या वडिलांच्या नियतीत खोट नव्हती. पण त्यांना वाचता येत नव्हते. तुम्हांला आता येते." मग ते हळूच म्हणाले, "कुराणाचा जो भाग परंपरेनुसार सर्वप्रथम अवतरला, त्याचा पहिलाच शब्द आहे : वाच."

वाचकहो, परधर्माविषयी आदर बाळगणे आम्हांला सोपे गेले होते. तो आदर आम्ही त्या पेटीसारखाच माळ्यावर ठेवला होता.

वाळवीने खाल्लेले दोन ग्रंथ वगळता बाकीचे आम्ही एका मदरशाच्या ग्रंथालयात पोहोचते केले. तेथील एका मुलाने त्यांतला एक तत्काळ उघडला आणि तो मोठ्याने वाचू लागला. आम्हांला चारदोन शब्दच उमगले. पण आम्ही तो थांबेपर्यंत तेथून हललो नाही.

पेटी आता माळ्यावर नाही. तिच्यात आमच्या अरबीच्या वह्या असतात, आणि ती रोज उघडते.