मेणबत्त्या, बराकी आणि देवळाली

मुंबई, 27 जानेवारी, रात्री

ती. आईस,

होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंचे स्मरण जगभर 27 जानेवारीला होते. 1945 मध्ये याच दिवशी आउशवित्झची छळछावणी मुक्त झाली; संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये हा दिवस नेमला. ज्यूंचा स्वतःचा स्मृतिदिन वेगळा: योम हाशोआ, हिब्रू पंचांगातील 27 निसान. तो वॉर्सॉ घेट्टोतील एप्रिल 1943 च्या उठावाशी जोडलेला आहे. त्यामुळे मेलेल्यांबरोबर लढलेल्यांचीही आठवण काढली जाते. साठ लाखांसाठी सहा मेणबत्त्या लावतात आणि कद्दिश म्हणतात. मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही, फक्त ईश्वराची स्तुती आहे.

मुंबईत अशा सभा काळा घोड्याच्या निळ्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये झाल्या आहेत. या शहराने हिटलरच्या छळातून निसटलेली माणसे प्रत्यक्ष पाहिली. त्यांच्या मदतीसाठी 1934 मध्ये येथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. निर्वासित डॉक्टरांच्या पदव्यांना मान्यता मिळावी म्हणून बेने इस्रायल समाजातील डॉ. अब्राहम एरुलकर यांनी खटपट केली. कोकणातून आलेला हा समाज घरी मराठी बोलणारा. त्याच 1934 साली वॉल्टर कौफमन हा ज्यू संगीतकार मुंबईत उतरला. घरी रेडिओ लावताच जी आकाशवाणीची ओळखधून वाजते, तिचे श्रेय त्याला दिले जाते.

बाकी मुंबई गाडीच्या खिडकीतून दिसली तेवढीच. नाशिकच्या थंडीसाठी दिलेली शाल पिशवीतच राहिली. रात्रीचे जेवण म्हणजे स्टेशनाबाहेरचे दोन वडापाव. चटणी कोरडी, पाव मात्र ताजा.

कोल्हापूर, 29 जानेवारी, दुपारी

कोल्हापूरजवळची वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी 1943 ते 1948 अशी पाच वर्षे चालली. सुमारे पाच हजार पोलिश लोक तेथे राहिले. त्यांत बायका, मुले आणि वृद्ध अधिक. ही माणसे होलोकॉस्टमधून वाचलेली नव्हती, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीने पश्चिमेकडून आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. वळिवड्याचे लोक पूर्वेकडचे. त्यांना सायबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केले गेले होते. 1941 च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर ते सुटले आणि इराणमार्गे भारतात आले. त्याच वाटेवरची शेकडो ज्यू मुले तेहरानहून कराचीमार्गे 1943 च्या फेब्रुवारीत पॅलेस्टाईनला पोचली.

छावणीत शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. पोलिश लोक गेल्यावर फाळणीत घर गमावलेले सिंधी त्याच जागी वसले. आजचे गांधीनगर ते हेच. तू सांगितलेल्या चादरी तेथे घाऊक भावात मिळतात, पण एक-दोन नग द्यायला दुकानदार सहज तयार होत नाहीत.

पोलिश निर्वासितांचे स्मारक महावीर उद्यानात आहे. सप्टेंबर 2019 मध्ये छावणीत बालपण घालवलेले वृद्ध पोलंडहून आले आणि वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभा राहिला. वॉर्सॉतही कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

एका सरकारी खिडकीवर साध्या चौकशीसाठी दीड तास उभे राहावे लागले आणि शेवटी “उद्या या” एवढेच ऐकायला मिळाले. त्यानंतरची मिसळ तिखट होती; नाशिकच्या मिसळीबरोबरचा पापड येथे नाही, त्याची फार आठवण झाली.

पुणे स्टेशन, 31 जानेवारी, पहाटे

पुण्याजवळचा पुरंदर किल्लाही या इतिहासात आहे. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन पुरुषांना अहमदनगरच्या छावणीत डांबले. कागदोपत्री जर्मन म्हणून ज्यू निर्वासितही त्यांत सापडले. नाझींपासून पळालेला माणूस नाझींच्याच शेजारी कोंडला गेला. चौकशीनंतर अनेकांची सुटका झाली. पुढे पुरंदर आणि सातारा येथेही निर्वासितांना ठेवण्यात आले. नगरची छावणी 1941 मध्ये देवळालीला हलली आणि त्याच वर्षी तेथून देहरादूनला गेली.

देवळाली म्हणजे घरापासून रिक्षाच्या अंतरावरचे गाव. मेणबत्ती मुंबईत लागते, स्तंभ वळिवड्यात उभा आहे; पण प्रत्येक ठिकाणी कोणाची आठवण आहे, त्यांना कोणी छळले आणि कोणी आसरा दिला, हे वेगवेगळे आणि नेमके सांगितले तरच त्या माणसांना न्याय मिळतो. देवळालीत नव्वदी ओलांडलेली माणसे आहेत. गाडी संध्याकाळी नाशिकला पोचेल. तोवर मुलांनी वही आणून ठेवावी आणि या रविवारी त्या वृद्धांकडे जाऊन त्यांना आठवते ते लिहून घ्यावे.