श्वापदाची खूण आणि झिजलेला अंगठा

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या यवतमाळात भरले. पुढच्या वर्षीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिवच्या संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला हा मान डॉ. जयंत नारळीकरांना लाभला. फादर दिब्रिटो २०२४ साली आणि डॉ. नारळीकर २०२५ साली आपल्यातून गेले. एका धर्मगुरूनंतर एक विज्ञानकथाकार, हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. कारण श्रद्धा आणि यंत्र यांची गाठ आता केवळ कथांत पडत नाही, आपल्या उंबरठ्यावरही पडते.

काही वर्षांपूर्वी मिस्सेनंतर एका वृद्ध मावशींनी आम्हांस विचारले, "फादर, रेशनच्या दुकानात अंगठा लावा लागते, थे त्या श्वापदाची खूण त नाही ना?" कुणी तरी त्यांना प्रकटीकरणाच्या पुस्तकातील १३ वा अध्याय वाचून दाखविला होता. ज्याच्या हातावर वा कपाळावर श्वापदाची खूण नाही, त्याला काही विकत घेता येणार नाही आणि विकताही येणार नाही, असे तेथे सांगितले आहे.

ही भीती पसरविण्यात भविष्यकाळातील थरारकथांचाही वाटा आहे. अमेरिकेत टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची 'लेफ्ट बिहाइंड' ही कादंबरीमाला १९९५ पासून लक्षावधी घरांत पोहोचली. तीत ती खूण म्हणजे शरीरात बसविलेली सूक्ष्म चकती आहे. कथा म्हणून ती वाचकाला खिळवून ठेवते. परंतु तिच्यामागील शास्त्रार्थ कॅथलिक श्रद्धेचा नव्हे. ६६६ या अंकात अनेक बायबल-अभ्यासक नीरो कैसर हे नाव वाचतात. छळ सोसणाऱ्या पहिल्या मंडळींना धीर देण्यासाठी लिहिलेले ते पुस्तक आपण यंत्रांची यादी म्हणून वाचू नये.

आमच्या मते याहून खोल दृष्टी रॉबर्ट ह्यू बेन्सन यांच्या 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' या १९०७ सालच्या कादंबरीत आढळते. कँटरबरीच्या अँग्लिकन आर्चबिशपांचे हे पुत्र १९०३ मध्ये कॅथलिक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ मध्ये बुडापेस्ट येथील भाषणात या कादंबरीचा आवर्जून उल्लेख केला होता. तिच्यातील ख्रिस्तविरोधक अक्राळविक्राळ नाही. तो जगाला शांतता देणारा, लोकप्रिय, देखणा पुढारी आहे. आरंभीच एक विमान गर्दीत कोसळते. एक धर्मगुरू मरणोन्मुख माणसापुढे क्रूस धरून गुडघे टेकतो. थोड्याच वेळात सरकारी सेवक येतात आणि वेदना मिटविण्यासाठी जखमींना चटकन मरण देतात. पाहणाऱ्यांना तीच दया वाटते. विमान दोघांच्याही पुढ्यात पडलेले आहे. भेद आहे तो कोण कशासाठी वाकले एवढाच.

आपल्या मराठीत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीने हाच प्रश्न दुसऱ्या दाराने आणला. लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानातून 'वामन' हा यंत्रमानव घडतो आणि आपल्यासारखे आणखी यंत्रमानव घडविण्याची शक्ती मिळवू पाहतो. बळीराजाची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला नावातील इशारा तत्काळ कळतो: मागणे तीन पावलांचे, जाते सर्वस्व. नारळीकरांनी हे ख्रिस्ती भूमिकेतून लिहिलेले नाही; तरीही आपल्या हातांनी घडविलेल्या वस्तूच्या स्वाधीन होण्याचा धोका आपल्या संदेष्ट्यांनी ज्या मूर्तीविषयी सांगितला, तिचीच आठवण येथे होते.

आता मावशींच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही त्यांचा अंगठा हाती घेऊन पाहिला. आयुष्यभर कापूस वेचून आणि निंदण करून त्यावरील रेषा पुसट झाल्या होत्या. यंत्राला तो अंगठा ओळखता येत नव्हता. दोनदा त्या रिकामी पिशवी घेऊन परतल्या होत्या. दुकानदार माणूस वाईट नव्हता. "मशीन घेत नाही" एवढेच तो म्हणे. मावशींना तो वीस वर्षे ओळखत होता, तरी त्या दिवशी ओळखू शकला नाही.

आम्ही त्यांना सांगितले की, अंगठा लावण्यात पाप नाही, निर्धास्तपणे लावावा. पण मनात आले, श्वापदाची खूण शोधायचीच असेल, तर ती "मशीन घेत नाही" या चार-दोन शब्दांत शोधावी. समोरचे माणूस दिसत असूनही जेव्हा आपण यंत्राच्या उत्तरामागे लपतो, तेव्हा आपणच आपल्या कपाळावर काही तरी कोरून घेत असतो. जून २०२४ मध्ये जी-७ राष्ट्रांच्या बैठकीत पोप फ्रान्सिस यांनी बजावले होते की, माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कोणत्याही यंत्राकडे कधीही जाता कामा नये. प्राणाचा निर्णय मोठा, धान्याचा लहान. परंतु भुकेल्याला हा फरक फारसा जाणवत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे: मुलांच्या हातून या थरारकथा हिरावून घेऊ नका. त्यांच्यासोबत वाचा आणि एकच प्रश्न विचारा, या कथेत पडलेल्या माणसापाशी कोण वाकले? आणि आपल्या गल्लीत ज्यांचे अंगठे झिजले आहेत, त्यांच्यासोबत कुणी तरी दुकानापर्यंत चालत जा. नोंदवहीत लिहून धान्य देण्याची वाट आहे का, हे त्यांच्या वतीने विचारा. प्रभूने आपल्या मेंढरांना नावाने हाक मारली. तेवढे तरी आपल्याला करता येईल.